एक मुक्काम वाढवायचा तर कुठं? सोलापूर, मिरज, चंद्रपूर, नगर आणि नांदेड

जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत 'पर्यटन विकास' या नावाखाली दरवर्षी काही ना काही मंजूर होतं. बहुतेकदा म्युझिकल फाउंटन, नाहीतर लेझर शो, नाहीतर तलावाकाठी 'आय लव्ह' असं लिहिलेली चकाकती अक्षरं. उद्घाटन दणक्यात होतं. दोन पावसाळे गेले की कारंज्याच्या टाकीत शेवाळ साचतं आणि अक्षरांतली निम्मी बंद पडतात. गावात आधीच कोण येतंय, त्याच्या हाताशी मोकळा वेळ कधी असतो आणि त्याला इथलंच म्हणून काय दाखवता येईल, हे कुणी विचारलेलंच नसतं.

हा आढावा ज्यांना ते विचारावं लागतं त्यांच्यासाठी आहे. महापालिकेतले अधिकारी, नगरसेवक, एखादा ट्रस्ट, किंवा गावात हॉटेल काढावं का या विचारात असलेला माणूस. नाशिक, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर मी मुद्दाम बाजूला ठेवलीत. तिथं पाहुणे आहेत, प्रश्न पार्किंगचा आहे. पुणे-नागपूर मध्यम शहरं नव्हेतच. उरलेल्यांपैकी पाच घेतली, कारण या पाचही ठिकाणी शहराच्या आत किंवा तास-दोन तासांच्या अंतरात माणसांचा ओघ आधीपासून आहे, आणि तरी शहराच्या हाताला फारसं लागत नाही.

माप एकच लावलंय: मुक्काम. येऊन-जाऊन करणारा माणूस चहाचे आणि पार्किंगचे पैसे ठेवून जातो. रात्री झोपणारा माणूस रात्रीचं जेवण, सकाळचा नाश्ता, रिक्षा आणि थोडीफार खरेदी एवढं सगळं गावात सोडतो.

निकाल आधीच सांगतो, म्हणजे घाईत असणाऱ्यांचं काम होईल. मोठा पैसा असेल तर सोलापूर. थोडकाच असेल तर मिरज. चंद्रपूरला जरूर, पण वेळापत्रक बघून. नगरला आत्ता नवं काही बांधू नये. नांदेडला गरजच नाही.

आधीच कोण येतंय?

सोलापूरपासून तुळजापूर साधारण ४५ किलोमीटर, अक्कलकोट ४०, पंढरपूर सत्तरच्या पुढे. मुंबई-पुण्याहून निघालेलं कुटुंब ही तिन्ही ठिकाणं दोन दिवसांत उरकतं, सुट्टी असेल तर गाणगापूरही जोडतं. या फेरीच्या मधोमध सोलापूर. पण मुक्काम पडतो अक्कलकोटच्या भक्तनिवासात नाहीतर तुळजापूरच्या लॉजवर. सोलापूरच्या वाट्याला दुपारचं जेवण आणि गाडीत बसता बसता घेतलेली चादर, कडक भाकरी नि शेंगाचटणी.

इथं एक गोष्ट मात्र अलीकडे बदलली, आणि ती फारशी कुणी हिशेबात धरलेली दिसत नाही. फेब्रुवारी २०२३ पासून मुंबई-सोलापूर वंदे भारत सुरू झाली. ती मुंबईहून दुपारी चारच्या सुमारास सुटते आणि रात्री साडेदहानंतर सोलापुरात येते. परतीची गाडी पहाटे सहाच्या सुमारास. म्हणजे या गाडीनं येणारा भाविक पहिल्या रात्री सोलापुरातच झोपतो आणि परतीच्या आदल्या रात्रीही त्याला सोलापुरातच असावं लागतं. दुसऱ्या संध्याकाळी तो तुळजापूर करून पाच-सहाला हॉटेलवर येतो आणि टीव्ही लावून बसतो. २०२५ मध्ये होटगी रोडच्या विमानतळावरून गोव्याचं विमानही सुरू झालं, पण भाविकांची ही रिकामी संध्याकाळ त्याहून मोलाची.

मिरजेला पर्यटक असा येतच नाही. येतो तो रुग्ण आणि त्याचे नातेवाईक. विल्यम वॉनलेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इथं मिशन हॉस्पिटल उभारलं तेव्हापासून मिरज हे डॉक्टरांचं गाव. उत्तर कर्नाटकातून आणि कोकणातून लोक उपचारासाठी येतात, त्यामुळे स्टेशनजवळ स्वस्त लॉज आणि खानावळी भरपूर. रेल्वे जंक्शन म्हणाल तर मुंबई, बेंगळुरू, गोवा सगळीकडच्या गाड्या इथं थांबतात. २०१६ च्या दुष्काळात लातूरला पाणी पाठवणारी जलदूत गाडी इथूनच भरली जायची, आणि बऱ्याच महाराष्ट्राला मिरजेचं नाव तेवढ्यावरून माहीत आहे. पण गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना विचारा. धारवाडपासून कोलकात्यापर्यंतचे लोक तंबोरा घ्यायला इथंच येतात. शिवाय नृसिंहवाडी अर्ध्या-पाऊण तासावर, कोल्हापूर पन्नास किलोमीटरच्या आत.

चंद्रपूरला ताडोबा आहे, आणि तीच अडचण आहे. नागपूरच्या विमानतळावर उतरलेला पाहुणा उमरेड-चिमूरकडून थेट कोलारा गेटला जातो. त्याला चंद्रपूर शहर दिसतही नाही. मोहर्लीकडून जाणारे चंद्रपूरजवळून जातात, पण झोपतात गेटजवळच्या रिसॉर्टमध्ये.

नगरची (कागदावर आता अहिल्यानगर) अवस्था याहून विचित्र. शिर्डी ऐंशीच्या आसपास किलोमीटर, शनिशिंगणापूर त्याच्या निम्म्यावर, पुणे-संभाजीनगर रस्ता गावातून जातो. एवढी वाहतूक असलेल्या गावात लोक थांबतात ते मिसळ खायला.

नांदेडला तख्त सचखंड श्री हजूर साहिब. गुरू गोविंदसिंगांचं १७०८ मध्ये इथंच निर्वाण झालं आणि गुरुपद ग्रंथसाहिबाकडे गेलं तेही इथंच. अमृतसरहून सचखंड एक्सप्रेस थेट येते. भाविक यात्रीनिवासात राहतो, लंगरमध्ये जेवतो, नगिना घाट, बंदा घाट, माळटेकडी अशा गुरुद्वारांना जातो, पुष्कळदा पुढं बिदरच्या नानक झिरापर्यंत जातो. त्याचा कार्यक्रम भरलेला आहे. २००८ मध्ये गुरुतागद्दीच्या त्रिशताब्दीला शहरात मोठा सरकारी निधी आला, रस्ते-पूल-घाट झाले, विमानतळ सुधारला. नांदेडला जे व्हायचं होतं ते तेव्हाच झालं. नवी बाग काढली म्हणून सेवेला आलेला माणूस लंगर सोडून हॉटेलात जेवणार नाही, आणि जेवावं अशी अपेक्षाही चुकीची. फार तर कंधारच्या भुईकोटाला अर्ध्या दिवसाची एक नेमानं सुटणारी बस सोडावी. तो खंदकाचा किल्ला सुरेख आहे आणि शीख भाविकांना त्याची माहिती नसते. नांदेडविषयी मला एवढंच म्हणायचंय.

दाखवायला काय आहे?

या महाराष्ट्रात गेल्या वीस-पंचवीस वर्षांत दोन नवी आकर्षणं खऱ्या अर्थानं चालली. एक, नाशिकच्या वायनरी. द्राक्षं तिथं पिकतच होती, त्यांनी फक्त दार उघडून बसायला जागा केली. दोन, कोल्हापूरजवळ कणेरी मठाचं सिद्धगिरी म्युझियम. बलुतेदार, शेत, चावडी हे पुतळ्यांतून उभं केलं आणि अंबाबाईला आलेल्या माणसाला दुपारचं काम मिळालं. दोन्हींत साम्य असं की पाहुणा आधीच गावात होता आणि दाखवलेली वस्तू त्याच मातीतली होती. उलट उदाहरण शेगावचं. गजानन महाराज संस्थानचं आनंद सागर उद्यान केवढं देखणं होतं, किती गर्दी खेचत होतं. तरी ते काही वर्षं बंद राहिलं आणि नंतर थोडंफार उघडलं. संस्थानसारखी शिस्तीची संस्था मागं असून ही गत, तर महापालिकेच्या बागेचं काय सांगावं.

सोलापूरचं चालतं-बोलतं वैशिष्ट्य म्हणजे माग. पूर्व भागात फिरा. पद्मशाली वस्ती, घराघरांत तेलुगू, दुकानदाराशी मराठी, बाजारात कानडी. गल्लीत शिरलं की यंत्रमागाचा खडखडाट पायाखाली जाणवतो. चादरीच्या मागावर वर जॅकार्ड हे नक्षी ठरवणारं यंत्र बसवलेलं असतं आणि त्यावरून भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची माळ सरकत असते. प्रत्येक पट्टी म्हणजे आडवा धागा नेणाऱ्या धोट्याची एक फेरी. कुठला ताणा, म्हणजे उभा धागा, वर उचलायचा आणि कुठला खाली ठेवायचा हे त्या भोकांवर ठरतं, आणि हळूहळू खालून मोराचा पिसारा नाहीतर कुयरी उमटत जाते. चादर उलटी केली तर नक्षीचा रंग जमिनीला आणि जमिनीचा नक्षीला. कॉम्प्युटर शिकणाऱ्या पोराला पट्टीवरचं भोक म्हणजे 'हो' आणि कोरी जागा म्हणजे 'नाही' एवढं सांगितलं की तो मागापासून हलत नाही.

हे सगळं पाहुण्याला बघता येतं का? नाही. शेड ही कामाची जागा आहे. कापसाचा भुसा उडतो, पट्टे फिरत असतात, मालक उत्पादनाच्या मागं. तिथं बसभर माणसं नेणं धोक्याचं आणि कामगारालाही नकोसं. चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, तरी बाहेरच्या स्वस्त चादरी सोलापुरी म्हणून खपतात ही विणकरांची जुनी तक्रार. माग विकून भंगारात घालणारेही पुष्कळ.

म्हणून सोलापुरात करण्यासारखं काम ठरलेलं आहे: चालत्या मागांचं एक घर. आठ-दहा माग, त्यात एखादा हातमागही, पट्ट्यांना भोकं पाडायचं टेबल, रंगाची कढई, आणि बाहेर पडताना अस्सल मालाचं दुकान. विणकर महिन्याच्या पगारावर हवेत. कुणी आलं की माग चालू करून दाखवणारे नकोत, कारण विक्रीचा माल तिथंच निघायला हवा. जागा म्हणून एखाद्या जुन्या गिरणीची इमारत मिळाली तर सोनं. एकोणिसाव्या शतकातल्या गिरण्यांनी हे गाव घडवलं. १९३० मध्ये गावकऱ्यांनी इंग्रजी अंमल काही दिवस झुगारला, मग मार्शल लॉ आला, आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा या चौघांना येरवड्यात फाशी दिलं गेलं. गिरणी आणि हा इतिहास एकाच छताखाली सांगता येतो. गिरणी नाही मिळाली तर पूर्व भागातली एखादी बंद शेडही चालेल.

आणि बाकीचं तर शहरात आयतंच आहे. भुईकोट किल्ला, त्याला लागून सिद्धेश्वराचा तलाव आणि पाण्यातलं मंदिर, थोड्या अंतरावर चार हुतात्मा चौक, पुढं महापालिकेची इंद्रभुवनची इमारत. ऊन उतरल्यावर पायी फिरून होणारी फेरी आहे ही. चीनमध्ये रुग्णसेवा करता करता १९४२ मध्ये गेलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे. त्यांच्या घराचं स्मारक झालंय, चिनी पाहुणे तिथं येतात आणि शेजारच्या जिल्ह्यातल्यांना पत्ता नसतो. जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा, उंच नंदीध्वज, संमती कट्ट्यावरच्या अक्षता हा तर वेगळाच सोहळा. फक्त नान्नजचा माळढोक माहितीपत्रकावर छापू नये. अभयारण्य १९७९ चं आहे, पण पक्षी आता दिसणं दुर्मीळ. काळवीट आणि माळरान दाखवा, माळढोकाचं आमिष नको.

मिरजेत दाखवायची वस्तू याच्या अगदी उलट: लहान आणि शांत. सतारमेकर गल्लीत दुकानं म्हणजेच कारखाने. दारात भोपळे टांगलेले. हे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या नदीकाठच्या शेतांतून येतात. सतारीचा भोपळा खायचा नसतो, तो जाड सालीचा मुद्दाम वाढवलेला असतो. दांडी तूनच्या लाकडाची. ही घराणी मूळची शिकलगारांची, हत्यारं घडवणाऱ्यांची. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांनी पहिल्यांदा वाद्यांत हात घातला असं सांगतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

सगळ्यात बघण्यासारखं काम म्हणजे जवारी काढणं. कारागीर घोडीचा, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीचा, माथा कानशीनं एकेक घास घेत उतरवतो. तार छेडतो, ऐकतो, पुन्हा घासतो. आधी तार नुसती 'टण्' करून गप्प होते. मग एका क्षणी घोडीवर टेकलेली तार लांबलचक गुंजायला लागते आणि तंबोरा 'उघडतो'. संगीतातलं काही न कळणाऱ्यालाही हा फरक कानाला कळतो, आणि यासाठी पडद्यावर काही दाखवायची गरज नाही. या जोडीला संगीताचा वारसा आहेच. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, १९३७ मध्ये गेले, मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे आणि उरुसात तिथं मोठमोठे गवई हजेरी लावतात. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे विष्णू दिगंबर पलुसकर शिकले तेही इथंच. शेजारच्या सांगलीत विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये मराठी रंगभूमीची सुरुवात केली.

पण मिरजेत बसगाडी सोडली की संपलं. कारागिराच्या खोलीत सहा माणसं बसली की जागा संपते, आणि आवाज झाला की जवारी जमत नाही. त्यामुळे इथं गर्दीचं गणित मांडूच नये. एक जुना वाडा घ्यावा, खाली दोन कारागिरांची जागा, वर वीस जणांची बैठक, आठवड्यातून तीन संध्याकाळी तासाभराचं गाणं. तिकीट स्वस्त ठेवायची गरज नाही. इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्यानं खऱ्या तंबोऱ्याचा खप कमी केला; तिकिटातला हिस्सा कारागिराला मिळाला तर पुढची पिढी कानस हातात धरायला तयार होईल.

पाहुणा मोकळा कधी असतो?

चंद्रपूरचा निर्णय इथं लागतो.

चंद्रपूरकडे दाखवायला पुष्कळ आहे. गोंड राजांचा परकोट, म्हणजे शहराभोवतीचा तट, सुमारे ११ किलोमीटर लांबीचा, जटपुरा, पठाणपुरा, बिनबा, अंचलेश्वर असे दरवाजे, त्यांवर हत्तीला दाबणाऱ्या सिंहाचं राजचिन्ह. राणी हिराईनं पती बीरशहासाठी बांधलेली समाधी. राजानं राणीसाठी बांधलेल्या वास्तू आपण नेहमी बघतो, ही उलटी. इको-प्रो या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी २०१७ पासून सकाळी-सकाळी जमून या परकोटावरची झाडंझुडपं काढली, तेव्हा कुठं तो लोकांना चालण्याजोगा दिसू लागला. एवढं काम स्वयंसेवकांनी केलेलं दुसरं शहर मला माहीत नाही.

मग अडतं कुठं? घड्याळात. सफारी पहाटे असते आणि दुपारनंतर असते. वाघ बघायला सगळ्यात जास्त लोक येतात एप्रिल-मेमध्ये, कारण पाणवठ्यावर वाघ हमखास. सफारीच्या दोन फेऱ्यांच्या मधला वेळ म्हणजे अकरा ते दोन, आणि त्या वेळी चंद्रपूरचा पारा ४५ च्या आसपास. त्या उन्हात परकोटावर कुणी पाय ठेवणार नाही. म्हणजे परकोटाला कितीही सुशोभित करा, ताडोबाचा पाहुणा त्या वेळेत येणार नाही.

दोन फटी आहेत. एक, ताडोबाचा गाभा दर मंगळवारी बंद असतो. सोमवारी आलेला आणि बुधवारची सफारी असलेला माणूस मंगळवारी काय करतो? बहुतेक रिसॉर्टच्या तरणतलावाकाठी बसतो. चंद्रपूरचा सगळा कार्यक्रम त्या एका दिवसाभोवती बांधला पाहिजे: पहाटे परकोट, मग अंचलेश्वर मंदिर आणि समाधी, ऊन चढलं की थंड संग्रहालय, संध्याकाळी महाकाली. दुसरी फट संध्याकाळची. सात वाजता मोहर्लीहून परतलेल्याला जटपुरा गेटाजवळ जेवण आणि तासभर बघण्यासारखं काही असेल, तर तो शहरात हॉटेल घेण्याचा विचार करेल.

त्यामुळे चंद्रपूरला हवी ती वातानुकूलित, चांगली मांडणी केलेली, रात्री नऊपर्यंत उघडी असलेली गोंड राज्याची वास्तू. आणखी उद्यान नको. विसापूरला बॉटनिकल गार्डन झालंच आहे. कोळशाची खाण दाखवण्याचा मोह मात्र मला आवरत नाही. वेस्टर्न कोलफील्ड्सनं नागपूर जिल्ह्यात सावनेरला खाण पर्यटन सुरू केलं होतं, तर दुर्गापूरची खुली खाण चंद्रपूरच्या उंबऱ्यावर आहे. वाघ, कोळसा, २,९२० मेगावॉटचं वीजकेंद्र आणि गोंड राजे एकाच गावात, हे वेगळेपण लपवण्यापेक्षा सांगितलेलं बरं. धूळ आणि प्रदूषण पाहुण्याला दिसणारच आहे.

याच घड्याळानं बाकीच्यांना बघा. सोलापूरची संध्याकाळ मोकळी. मिरजेत दवाखान्यातल्या नातेवाइकाची दुपार मोकळी, पण त्याला गाण्यात रस असेलच असं नाही. मिरजेचा खरा पाहुणा कोल्हापूर-नृसिंहवाडी करून संध्याकाळी येणारा. नगरमधून जाणाऱ्याचा एक तास मोकळा, तोही जेवणाचा.

किल्ली कुणाच्या हातात?

नगरविषयी लिहिताना जीव हळहळतो. १४९० च्या सुमारास अहमद निजामशहानं वसवलेलं गाव, खंदकाचा भक्कम भुईकोट, ज्यात १९४२ च्या ऑगस्टपासून नेहरू, पटेल, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव, गोविंद वल्लभ पंत, कृपलानी असे काँग्रेस कार्यकारिणीचे बारा जण कैदेत होते. त्यांच्या खोल्या जपून ठेवलेल्या आहेत. १९९४ पासूनचं रणगाडा संग्रहालय. १९६५ आणि १९७१ च्या लढाया ऐकत वाढलेल्या घरातल्या मुलांना तिथून ओढून काढावं लागतं. गावाबाहेरच्या डोंगरावर चांदबिबीचा महाल, जो खरं तर सलाबतखानाची कबर आहे. शिवाय मेहेराबाद, जिथं ३१ जानेवारीला जगभरातून मेहेरबाबांचे अनुयायी जमतात.

एवढं असूनही नवं बांधायला नको म्हणतो, कारण किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, संग्रहालय लष्कराचं, डोंगरावरची कबर पुरातत्त्व खात्याकडे. पालिकेच्या हातात यातलं एकही दार नाही. तिनं पर्यायी आकर्षण म्हणून बाग काढली तर शिर्डीहून आलेला माणूस बाग बघायला थांबणार का? त्यापेक्षा किल्ल्याच्या वेळा ठरवून घेणं, ओळखपत्र दाखवून प्रवेश कसा मिळतो याची पाटी महामार्गावर लावणं, आणि शिंगणापूरच्या रस्त्यावरून दिवसातून दोनदा किल्ला-संग्रहालय अशी बस सोडणं, एवढं करावं. याला पैसा लागत नाही, पत्रव्यवहार लागतो. संरक्षण खात्याशी पत्रव्यवहार म्हणजे काय ते ज्यांनी केलाय त्यांना ठाऊक आहे, पण दुसरा रस्ता नाही.

सोलापूरचा किल्लाही पुरातत्त्व खात्याकडे आहे, पण मागांचं घर पालिकेच्या किंवा सहकारी संस्थेच्या जागेवर उभं राहू शकतं. मिरजेत वाडे खासगी, मालक मिळाला की काम झालं. चंद्रपूरचा परकोट पुरातत्त्व खात्याचा, संग्रहालयाला मात्र जागा शोधता येते. सोलापूर आणि मिरज वर जातात त्याचं हे मोठं कारण.

पाणी, पूर आणि पैसा

सोलापूरला नळाला पाणी काही दिवसांआड येतं. उजनीवरून शंभरावर किलोमीटरचा प्रवास करून ते येतं, आणि उन्हाळ्यात त्यावरून दरवर्षी मोर्चे निघतात. अशा गावात वॉटरपार्क किंवा मोठं कारंजं सुचवणाऱ्या सल्लागाराला चहा पाजून परत पाठवावं. सांगलीत उलट: २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली, धोक्याची पातळी ४५ असताना. म्हणून सांगली-मिरजेत कृष्णाघाटावर किंवा नदीकाठी एक वीटही नको. कितीही सुंदर नकाशा दाखवला तरी नको.

पैशाचं म्हणाल तर मागांच्या घराला इमारतीची डागडुजी, यंत्रं आणि पगार धरता बऱ्यापैकी मोठी रक्कम लागेल, राज्य किंवा केंद्राच्या योजनेशिवाय जमणार नाही. मिरजेचा वाडा एखादा ट्रस्ट किंवा पाच-सहा संगीतप्रेमी व्यापारी मिळून करू शकतात. चंद्रपूरचं संग्रहालय या दोन्हींच्या मधलं, आणि खाणी-वीजकेंद्राच्या सामाजिक निधीतून मागण्यासारखं. तिन्ही ठिकाणी कंत्राटात बांधकामासोबत पहिल्या पाच वर्षांचं चालवणंही घालावं, आणि तिकिटाचा पैसा पालिकेच्या सर्वसाधारण खात्यात न जाता वेगळ्या खात्यात राहावा. नाहीतर माग बंद पडला की सुटा भाग आणायला सहीसाठी फाइल फिरते आणि पाहुणा बंद माग बघून जातो.

आणि निविदा काढायच्या आधी एक हंगाम नुसतं करून बघावं. सोलापुरात नवरात्रापासून गड्ड्याच्या यात्रेपर्यंत स्टेशनजवळच्या हॉटेलांवरून संध्याकाळी एक बस किल्ला-तलाव करत एखाद्या तयार मालकाच्या शेडपर्यंत सोडावी. मिरजेत दोन दुकानं शनिवारी आधी नाव नोंदवून आलेल्या आठ-दहा जणांसाठी उघडावीत. चंद्रपुरात मोहर्लीच्या रिसॉर्टांशी बोलून मंगळवारची फेरी लावावी. किती बसले, कुठल्या गावचे होते, रात्री कुठं झोपले, एवढं वहीत लिहून ठेवावं. सोलापूरची बस महिनाभर रिकामी गेली तर इमारतीचा विचार सोडून तो पैसा उजनीच्या पाइपलाइनला द्यावा. एकही सोलापूरकर तक्रार करणार नाही.